नाक आजीचे, रक्त दोघांचे

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बोलायला एकच जण उभा असला, तरी हे भाषण आम्ही दोघांनी मिळून तयार केले आहे, म्हणून सगळीकडे ‘आम्ही’ म्हणू. आम्ही दोघांनीही आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. आम्ही डॉक्टर नाही, म्हणून औषध सांगणार नाही. जनुक म्हणजे काय, ते आई-बापांकडून मुलांकडे कसे जाते आणि आदिलाबादमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी घरांना ते कळणे का गरजेचे आहे, एवढेच सांगणार आहोत.

बारशाला गेलो की पाळण्याभोवती काय चालते ते सर्वांना ठाऊक आहे. “नाक अगदी आजीवर गेलंय.” “कपाळ आजोबांचं.” “रंग मात्र आमच्याकडचा नाही हो.” या गप्पा म्हणजे आनुवंशिकतेचा पहिला धडाच. आजीचे नाक आईला न मिळता नातीला कसे मिळाले, हा प्रश्न माणसाला फार जुना आहे. त्याचे उत्तर मात्र एका पाद्र्याने मठाच्या बागेत वाटाणे पेरून शोधले.

त्याचे नाव ग्रेगोर मेंडेल. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो गावी १८६५ साली त्याने आपले प्रयोग वाचून दाखवले. उंच वाणाचा आणि बुटक्या वाणाचा वाटाणा त्याने एकमेकांशी संकरित केला. पहिल्या पिढीत सगळी झाडे उंच आली. बुटकेपणा संपला असेच कोणीही म्हटले असते. पण त्या उंच झाडांचे बी त्याने पुन्हा लावले, तेव्हा ७८७ झाडे उंच आणि २७७ बुटकी निघाली. म्हणजे साधारण तीनास एक. बुटकेपणा संपला नव्हता, एक पिढीभर तो दडून बसला होता.

हे समजायला आपल्याला वाटाण्याची गरज नाही, आपण कापसाच्या गावचे लोक आहोत. संकरित कापसाची सरकी ठेवून पुढच्या वर्षी पेरली तर काय होते, हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. एका ओळीत एक झाड उंच, दुसरे ठेंगणे. एकाला बोंडे भरपूर, दुसऱ्याला चारच. पहिल्या वर्षी एकसारखे दिसणारे पीक दुसऱ्या वर्षी फुटते, कारण संकरित झाडाच्या पोटात दोन वाणांचे गुण जोडीने असतात आणि पुढच्या पिढीत त्यांची वाटणी होते. दरवर्षी दुकानातून नवी पाकिटे आणावी लागतात ती याच कारणाने. मेंडेलने सांगितले ते आपल्या काळ्या मातीत दरवर्षी उगवते.

आता माणसाकडे येऊ. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईचे, एक वडिलांचे. या गुणसूत्रांत डीएनए नावाचा लांबच लांब धागा असतो. त्यावर चार रासायनिक अक्षरांत मजकूर लिहिलेला असतो. ही अक्षरे ए, टी, जी आणि सी. असा मजकूर सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा आहे. त्यातला जो तुकडा एखादे प्रथिन कसे बनवायचे हे सांगतो, त्याला जनुक म्हणतात. अशी सुमारे वीस हजार जनुके आपल्यात आहेत.

जनुकाला आम्ही वर्गात पाककृतीची उपमा देत असू. समजा, तुमच्या घरी मोदकांच्या दोन वह्या आहेत, एक आईच्या माहेरची, एक वडिलांच्या घरची. वही स्वतः मोदक नव्हे. वहीतले वाचून कोणीतरी मोदक करतो. तसेच जनुक स्वतः नाक किंवा रक्त नव्हे. पेशी ते वाचते आणि त्याप्रमाणे प्रथिन बनवते. ती तीन-तीन अक्षरे मिळून एक शब्द वाचते आणि प्रत्येक शब्दाला एक अमिनो आम्ल जोडत जाते. ही भाषा उलगडणाऱ्यांमध्ये आपले हरगोविंद खुराना होते. १९६८ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले.

वहीत एक अक्षर चुकले तर? बऱ्याच वेळा काही बिघडत नाही. पण ‘एक वाटी पीठ’ याऐवजी ‘एक वाटी मीठ’ असे लिहिले गेले, तर त्या मोदकांचे काय होईल ते सांगायला नको. हा ‘पीठ-मीठ’ लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

मूल होताना आई आपल्या दोन वह्यांतली एकच देते आणि वडीलही एकच देतात. कोणती, ते निव्वळ नशिबावर. अशा २३ जोड्यांतून एकेक निवडायचे, तर एकाच माणसाकडून किती वेगवेगळे संच जाऊ शकतात? दोन हा आकडा २३ वेळा मांडून त्यांचा गुणाकार करा. उत्तर येते ८३ लाख ८८ हजार ६०८. म्हणजे जवळपास ८४ लाख! योनींचा आकडा जुळला हा योगायोग आहे, त्यातून कोणी अर्थ काढू नये. पण सख्खे भाऊसुद्धा एकमेकांसारखे का नसतात, हे त्यातून कळते.

जाता जाता एक सांगतो. मुलगा की मुलगी हेही याच वाटणीत ठरते. आईकडे देण्यासाठी फक्त एक्स गुणसूत्र असते, वडिलांकडे एक्स किंवा वाय. तीन मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांनी गणित तपासून पाहावे.

दडलेल्या जनुकाचे आणखी एक उदाहरण रक्तगटाचे. आईचा गट ए, वडिलांचा बी आणि बाळाचा ओ आला की काही घरांत कुजबुज सुरू होते. कुजबुजीचे काही कारण नाही. ए गटाच्या माणसाची दुसरी वही ओ गटाची असू शकते, बी गटाच्या माणसाचीही. दोघांनी नेमकी तीच वही दिली की बाळ ओ गटाचे. मुंबईत तर १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असा गट सापडला, की जो साध्या तपासणीत ओ दिसतो पण ओ नसतो, आणि त्या माणसाला ओ गटाचे रक्तही चालत नाही. जगाच्या पाठ्यपुस्तकांत तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणूनच शिकवतात. त्या गटाच्या बापाच्या पोटी एबी गटाचे मूलही येऊ शकते. दिसते तेवढेच रक्तात असते असे नाही, हे मेंडेलनंतर पुन्हा एकदा आपल्या मुंबईने दाखवले.

आता ‘पीठ-मीठ’.

रक्त लाल दिसते ते हिमोग्लोबिनमुळे. श्वासातला प्राणवायू शरीरभर नेण्याचे काम ते करते. त्यातल्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात आणि तिची कृती अकराव्या गुणसूत्रावर लिहिलेली आहे. काही माणसांत त्या कृतीतल्या एका ‘ए’च्या जागी ‘टी’ असतो. एवढ्याने सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. बाकी सगळे जिथल्या तिथे. पण असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडून दिला की एकमेकांना चिकटते, त्याच्या काड्या होतात आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून हा सिकलसेल आजार. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही विळ्यासारखी पेशी दहा-वीस दिवसांत मोडते. म्हणून अंगात रक्त कमी राहते, डोळे पिवळे होतात. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हातपाय, पाठ, छाती यांत असह्य वेदना उठतात. लहान बाळाच्या हातापायांच्या बोटांना सूज येते. आजार जन्माबरोबर लगेच दिसत नाही, कारण पहिले काही महिने बाळाच्या अंगात गर्भातले वेगळे हिमोग्लोबिन असते.

ज्याच्या दोन्ही वह्यांत ही चूक आहे, त्याला आजार होतो. त्याच्या अहवालात एसएस लिहिलेले असते. ज्याची एकच वही अशी आहे, तो वाहक, म्हणजे एएस. वाहकाच्या अंगात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन बनते आणि तो सहसा धडधाकट असतो. शेती करतो, कबड्डी खेळतो, म्हातारा होतो. आपण वाहक आहोत हे त्याला आयुष्यभर कळतही नाही.

दोन वाहकांचे लग्न झाले तर? प्रत्येक गर्भाच्या वेळी चारांत एक शक्यता मूल पूर्ण निकोप असण्याची, चारांत दोन ते वाहक असण्याची आणि चारांत एक ते आजारी असण्याची. इथे एक गैरसमज आम्ही फार ऐकला आहे. “पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली.” असे नाही. नाणे प्रत्येक वेळी नव्याने उडते, मागच्या वेळी काय पडले ते त्याला आठवत नसते. आणि एक वाहक, दुसरा निकोप असेल, तर आजारी मूल होतच नाही. फार तर ते वाहक असेल, आणि त्याची शक्यता प्रत्येक वेळी निम्मी. हे वाक्य घरी जाऊन पुन्हा वाचा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

इथे कोणी मनात म्हणत असेल, “हा आदिवासींचा आजार. उटनूर, इंद्रवेल्लीकडे असेल, आपला काय संबंध?” म्हणून थोडा इतिहास. भारतात सिकलसेलचे जनुक प्रथम १९५२ साली निलगिरीच्या डोंगरांतल्या लोकांत सापडले. १९५८ साली नागपूरहून डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. तेव्हापासूनच्या तपासण्यांत विदर्भात ते आदिवासींबरोबर अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीय समाजांतही आढळले. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ ही त्यांतली ठळक नावे. आता सांगा, आपल्या सोयरिकी कुठे होतात? पैनगंगा ओलांडून पांढरकवडा, वणी, यवतमाळ. इकडे राजुरा, चंद्रपूर, तिकडे किनवट. राजुरा आणि किनवट तर १९५६ पूर्वी आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्यांची सीमा आखली गेली, लग्ने चालूच राहिली.

या जनुकाला जात ठाऊक नाही. पण आपण जातीत लग्न करतो, म्हणून एका घरात आलेले जनुक त्याच समाजात फिरत राहते. हे फक्त सिकलसेलचे नाही. सिंधी, लोहाणा, पंजाबी समाजांत थॅलेसेमियाचे जनुक अधिक दिसते. आतल्या आत लग्ने करणाऱ्या प्रत्येक समाजाच्या वह्यांत कुठे ना कुठे अशी चूक दडलेली असते. आपल्यात काहीच नाही, असे कोणालाच म्हणता येत नाही.

आणि हे जनुक म्हणजे कुणाचा शाप नव्हे. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवून दिले की वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जिथे हिवतापाने पोरे मरत होती, तिथे वाहक पोरे जगली, मोठी झाली आणि हे जनुक पुढे गेले. हिवतापाच्या जंगलपट्ट्यांत ते टिकले ते यामुळे. ज्या जनुकाने पूर्वजांना वाचवले, ते दोन्हीकडून मिळाले की नातवाला छळते, एवढेच.

आपल्या पूर्वजांनी या बाबतीत काही विचार केलाच नव्हता का? केला होता. सगोत्र विवाह नको म्हणाले. केसलापूरच्या नागोबाला जमणारा गोंड समाजही चार, पाच, सहा, सात देवांचे गट मानतो आणि एकाच गटात लग्न करत नाही. जवळच्या रक्तात लग्न नको, हे दोघांनाही कळले होते. पण गोत्र फक्त बापाकडून चालते आणि जनुके दोन्हीकडून येतात. मामाच्या मुलीचे गोत्र वेगळे, म्हणून ती सोयरीक चालते. इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश म्हटले आहे. उत्तरेत मामेबहीण ती बहीण, दक्षिणेत ती हक्काची नवरी आणि आपण मध्ये. त्यातून आपण तेलुगू शेजाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, मेनरिकम आपल्याही घरांत रुळले. आत्ते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके सामाईक असतात, मामा-भाचीत एक चतुर्थांश. एकाच आजीची दडलेली चूक दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता तिथे वाढते. अशी लग्ने झालेल्यांना आम्ही घाबरवत नाही, त्यांची बहुतेक मुले छान असतात. पण पुढची ठरवताना विचार करा.

पत्रिकेतली एकनाड म्हणजेच रक्तगट, असेही कोणी सांगते. तसे काही नाही. नवरा-बायकोचा रक्तगट एक असला तरी काही बिघडत नाही. आई आरएच निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील, तर डॉक्टरांना आधी सांगावे, त्यावर इंजेक्शन आहे.

आता एक घरातली गोष्ट, जिची आहे तिच्या परवानगीने. आमच्या एका भाचीचे लग्न ठरले होते. कॉलेजातल्या शिबिरात तिचे रक्त तपासले आणि ती वाहक निघाली. तिची आई घाबरून आमच्याकडे आली. आम्ही काय सांगितले असेल? आयुष्यभर मेंडेल शिकवणारे आम्ही म्हणालो, “कोणाला बोलू नका. लग्न होऊन जाऊ दे.” भाची मात्र म्हणाली, “मामा, तो पण वाहक असला तर? मी काय माझ्या लेकराला सांगू, मला माहीत होतं म्हणून?” तिने स्वतः मुलाला फोन करून सांगितले. आठ दिवसांत निरोप आला, सोयरीक मोडली. मुलाने स्वतःचे रक्त तपासलेच नाही. तो निकोप निघाला असता, तर प्रश्नच नव्हता. मोडणाऱ्यांना आणि लपवा म्हणणाऱ्या आम्हाला, दोघांनाही एकाच गोष्टीची भीती होती, लोक काय म्हणतील. पुढे तिचे लग्न झाले. त्या मुलाने आधी तपासणी करून घेतली, तो निकोप निघाला. आज तिला दोन मुले आहेत, त्यांतला एक वाहक आहे. कोणता, ते खेळताना पाहून तुम्हाला ओळखता येणार नाही.

म्हणून आज आमचे मागणे फार साधे आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन अभियान सुरू केले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा, असा त्याचा संकल्प आहे. त्यात आपले तेलंगणही आहे. बोटातले थेंबभर रक्त घेऊन पहिली चाचणी होते. त्यात संशय आला तर एचपीएलसी या तपासणीने पक्के कळते. लग्नाआधी दोघांनी ही तपासणी करावी. मुलीने एकटीने नव्हे, दोघांनी. अहवालात वाहक दिसले म्हणून कोणाला नाकारू नये. दोघेही वाहक असतील तर समुपदेशकाशी बोलावे. लग्न करायचेच असेल, तर गर्भाची तपासणी अगदी सुरुवातीच्या महिन्यांत होऊ शकते, हे माहीत असावे.

ज्या घरात आजारी मूल आहे, त्यांच्यासाठीही दोन शब्द. हा नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी बरा होणारा अशक्तपणा नव्हे. भरपूर पाणी, थंडीपासून जपणे, वेळेवर लसी, फॉलिक अ‍ॅसिड आणि डॉक्टर सांगतील तर हायड्रॉक्सियुरिया, यांनी वेदनेचे दौरे पुष्कळ कमी होतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्या प्रमाणपत्राची माहिती जरूर घ्या. २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत या आजारावर जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली. रुग्णाच्याच पेशी बाहेर काढायच्या, त्यांत बदल करून गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करायचे आणि त्या परत द्यायच्या. आज तो उपचार सामान्य घराच्या आवाक्याबाहेर आहे. बोटातला थेंबभर रक्ताची तपासणी मात्र आवाक्यात आहे.

तुळशीचे लग्न झाले की आपल्याकडे स्थळे पाहायला सुरुवात होते. पत्रिका काढा, पाहायची त्यांनी पाहा, आमची हरकत नाही. फक्त पत्रिकेच्या पाकिटात दोघांच्या रक्ताचे अहवाल ठेवा आणि ते आधी उघडा. आम्हाला हे कळायला एका भाचीची गरज पडली. तुमच्या घरी ती वेळ येऊ नये, म्हणून आज हे बोललो.

 गणपती बाप्पा मोरया!